तेल गेले, तूप गेले. पण गेले कोठे?

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु खरकट्या भांड्यांवरून धुऊन गेलेले तेल-तूप पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपल्या लष्करातील टोपी बाजारासारखी गजबजलेली पेठ डोळ्यांसमोर आणा. अशा ठिकाणच्या भोजनालयांत कढया व पराती गरम पाण्याने धुतल्या, की ओशट पाणी मोरीतून सहज वाहून जाते. मात्र जमिनीखालच्या नळात ते निवते आणि थंडीतल्या तुपाप्रमाणे त्यातील ओशटपणा थिजतो. थरावर थर चढतात, त्यांत चिंध्या अडकतात आणि एके दिवशी नळ तुंबतो. लंडनमधील व्हाइटचॅपेल येथे २०१७ साली असा सुमारे २५० मीटर लांबीचा व १३० टन वजनाचा गोळा सापडला होता!

यावरील उपाय साधा आहे. मोरी आणि नळ यांच्यामध्ये आडपडदे असलेली टाकी बसवावयाची. तीत पाणी संथ होऊन निवते. पाण्याहून हलके तेल वर तरंगते व खालचे पाणी पुढे जाते. वरचा थर मात्र वेळच्या वेळी काढावा लागतो. नाहीतर टाकी असून नसल्यासारखीच.

येथेच परवान्याचे महत्त्व आहे. सांडपाणी सोडण्यापूर्वी राज्य मंडळाची संमती घ्यावी, हे तत्त्व आपल्या देशात १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने घालून दिले. सार्वजनिक गटारात सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ओशट द्रव्य लिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे पर्यावरण नियम सांगतात. म्हणजे पन्नास लिटरांत अवघा एक ग्रॅम! परदेशांतील कित्येक शहरे तर उपाहारगृहांना याकरिता स्वतंत्र परवाना देतात व टाकी साफ केल्याच्या नोंदी तपासतात.

विद्यार्थिमित्रहो, परवाना हा केवळ भिंतीवर टांगावयाचा कागद नव्हे, असे आम्हांस वाटते. तुंबलेले गटार मोकळे करण्यासाठी विषारी वायूत उतरून आजवर कितीतरी सफाई कामगारांनी प्राण गमावले आहेत. संरक्षक साधनांवाचून अशी सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तथापि गटार तुंबूच न देणे, हेच त्या बांधवांचे खरे रक्षण होय. दुकानदाराने टाकी साफ ठेवावी आणि आपण घरी तेलकट ताट विसळण्यापूर्वी कागदाने पुसून घ्यावे. एवढे तर आपल्या हाती खचित आहे!