टांग्याला कायदा कोणता?
घोडागाडी यंत्रावर चालत नाही, म्हणून ती मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यातला सक्तीचा विमाही तिला लागू नाही. १९६५ चे केंद्रीय नियम पाहतात ते जनावराकडे: चालक आणि ६ वर्षांखालची मुले सोडून ४ प्रवासी, दिवसाला ९ तास काम, सलग ५ तासांहून जास्त नाही, पारा ३७ अंशांपुढे गेला तर दुपारी १२ ते ३ गाडी बंद. नियम चांगलेच, पण डांबरावर नाल घसरली किंवा हॉर्नने घोडा बुजला तर ते काय कामाचे? झापडे बांधलेल्या घोड्याला मागचे दिसत नाही, ऐकू मात्र सगळे येते. बेदरकार हाकणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आहे, पण बुजणे हा काही बेदरकारपणा नव्हे.

टांगे बंद केले तर टांगेवाल्याच्या पोटाचे काय, हा आक्षेप रास्तच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांतली हौसेची सफर बेकायदा ठरवली, तेव्हा पुनर्वसनाची योजनाही सरकारला करायला सांगितली. २०२१ मध्ये तिथे विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. जिथे टांगे अजून चालतात, तिथल्या पालिकांनी निदान मागे परावर्तक पट्टी आणि रात्री दिवा सक्तीचा करावा.