मैदूमचा ढासळलेला पिरॅमिड

इजिप्तचे नाव निघताच डोळ्यांपुढे उभे राहतात ते गिझाचे तीन पिरॅमिड. सहलींचे कार्यक्रमही बहुधा तेथेच आटोपतात. परंतु कैरोच्या दक्षिणेस, फैयूमच्या वाटेवर, मैदूम येथे एक असा पिरॅमिड आहे की जो प्रथमदर्शनी पिरॅमिड वाटतच नाही. नाईलकाठची हिरवी शेते संपतात आणि वाळवंटाच्या कडेला, मातीदगडांच्या प्रचंड ढिगाऱ्यातून वर आलेला, सुमारे ६५ मीटर उंचीचा चौकोनी बुरूज दिसू लागतो. स्थानिक लोक त्याला ‘खोटा पिरॅमिड’ म्हणतात.

इ.स. पूर्व २६०० च्या सुमारास चौथ्या राजघराण्याचा राजा स्नेफ्रू याच्या काळात ही वास्तू आकारास आली. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधणारा खुफू हा त्याचाच पुत्र. मैदूमचा पिरॅमिड आरंभी पायऱ्यांचा होता. प्रथम सात, नंतर आठ. पुढे पायऱ्या भरून काढून चारही बाजू सपाट उतरत्या करण्याचे ठरले. गिझाला जे सुबक रूप आपण पाहतो, त्याचा हा पहिला प्रयत्न. मात्र आतील गाभा खडकावर उभा होता, तर नवे आवरण थेट वाळूवर रचले गेले. हे आवरण कधीतरी निखळले आणि आतला बुरूज उघडा पडला.

हे घडले केव्हा? कुर्ट मेंडेलसोन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७४ साली असे मत मांडले, की बांधकाम चालू असतानाच आवरण एकाएकी कोसळले. त्या धसक्याने दहशूर येथे चालू असलेल्या दुसऱ्या पिरॅमिडचा उतार अर्ध्यावर ५४ अंशांवरून ४३ अंशांवर आणला गेला, असे त्याचे म्हणणे. कल्पना आकर्षक खरी. पण तिला उत्तर मैदूममध्येच, पिरॅमिडच्या पूर्व पायथ्याशी मिळते. तेथे चुनखडीचे एक छोटे मंदिर छतासह शाबूत आहे. आत कोणताही लेख न कोरलेल्या दोन गोलमाथ्याच्या शिळा उभ्या आहेत. भिंतींवर मात्र नंतरच्या यात्रेकरूंनी शाईने मजकूर लिहिला आहे. तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीच्या ४१व्या वर्षी आलेल्या एका लेखनिकाने स्नेफ्रूच्या सुंदर मंदिराचे मोठे कौतुक केले आहे. पिरॅमिड उभा राहून तोवर हजार वर्षे उलटून गेली होती! तो बांधकामाच्या वेळीच कोसळला असता, तर हे मंदिर ढिगाऱ्याखाली गडप झाले असते आणि लेखनिकाला पाहण्यासारखे काही उरलेच नसते. नंतरच्या शतकांतील दगडचोरांचा या पडझडीत मोठा हात असावा, हेच अधिक पटते.

आत जाण्याचा मार्ग उत्तर बाजूस, उंचावर आहे. तेथून सुमारे ५८ मीटर लांबीचा अरुंद, उतरता बोगदा वाकूनच पार करावा लागतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी, तसेच बंद जागेचे भय वाटणाऱ्यांनी बाहेरच थांबणे श्रेयस्कर. शेवटी एका उभ्या विहिरीतून शिडीने दफनकक्षात चढायचे. खोली लहान आहे. पण मान वर केली की श्रमाचे सार्थक होते. दोन्ही भिंतींच्या शिळा थरागणिक थोड्याथोड्या पुढे सरकवून छत मिटवले आहे. भिंती पुरत्या घासलेल्या नाहीत, शवपेटिकाही नाही. बांधणाऱ्यांनी खोवलेले देवदाराचे ओंडके मात्र साडेचार सहस्रकांनंतरही तेथे आहेत. राजाचे दफन येथे झालेच नसावे; स्नेफ्रूने पुढे दहशूर येथे आणखी दोन भव्य पिरॅमिड उभारले.

आसपास सरदार-राजपुत्रांच्या मस्तबा, म्हणजे सपाट माथ्याच्या समाध्या आहेत. राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याचे सजीव भासणारे रंगीत पुतळे, तसेच सहा बदकांचे सुप्रसिद्ध भित्तिचित्र १८७१ मध्ये येथेच सापडले आणि कैरोच्या संग्रहालयाचे भूषण ठरले. सतराव्या क्रमांकाच्या मस्तबेत प्राचीन चोरांनी खणलेल्या बिळातून सरपटत गेल्यास ग्रॅनाइटची भव्य शवपेटिका पाहायला मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास उत्तम. स्वतंत्र मोटार ठरवून सकाळी लवकर निघाल्यास मैदूम आणि दहशूर एकाच दिवसात होतात. विजेरी, पुरेसे पाणी आणि धूळ बसली तरी चालेल असे कपडे जवळ असावेत.