मालकाने क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेला, तेव्हा फॅन्सनी ट्रायल्स घेऊन स्वतःचाच क्लब काढला

तारीख 29 जून 2002. दुसऱ्या दिवशी जपानमध्ये ब्राझील आणि जर्मनीची वर्ल्डकप फायनल होती. सगळ्या जगाचं लक्ष तिकडे असताना लंडनमधल्या विम्बल्डन कॉमन नावाच्या मोकळ्या मैदानावर मात्र वेगळीच गर्दी जमली होती. लोक एरवी जिथे कुत्री फिरवायला येतात, तिथे 230 जण बूट घेऊन हजर झाले होते. निमित्त होतं ट्रायल्सचं, आणि ट्रायल्स होत्या एका अशा क्लबच्या, जो महिनाभरापूर्वी अस्तित्वातच नव्हता. त्याच्याकडे खेळाडू नव्हते आणि स्वतःचं ग्राउंडही नव्हतं. होते ते फक्त फॅन्स.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण त्याच भागात 1889 मध्ये सुरू झालेला एक फुटबॉल क्लबही होता, विम्बल्डन एफसी. ही गल्लीतली टीम 1977 मध्ये फुटबॉल लीगमध्ये आली आणि 1986 मध्ये थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये पोहोचली. दोनच वर्षांनी, 1988 च्या एफए कप फायनलमध्ये, त्यांनी तेव्हाच्या दादा लिव्हरपूलला 1-0 ने हरवलं. लॉरी सांचेझने गोल केला आणि गोलकीपर डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. या टीमला लोक ‘क्रेझी गँग’ म्हणायचे. खेळ देखणा नव्हता, पण समोरच्याला घाम फोडायचा.

टीमचं घर होतं प्लाउ लेन. ग्राउंड छोटं आणि जुनं होतं. 1989 च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांना सगळ्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या लावणं बंधनकारक झालं. ते प्लाउ लेनला जमणारं नाही असं सांगून 1991 मध्ये क्लबने घर सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये भाड्याने राहायला गेला. ‘तात्पुरतं’ म्हणून गेलेला क्लब काही परत आला नाही. पुढे मालकाने प्लाउ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली.

फॅन्सना पहिला धक्का इथे बसला. आपण ज्याला आपलं ग्राउंड म्हणतो, त्याचा सातबारा मालकाच्या नावावर असतो.

नंतर क्लबचा ताबा नॉर्वेच्या गुंतवणूकदारांकडे गेला. 2000 मध्ये टीम प्रीमियर लीगमधून खाली घसरली, तोटा वाढत गेला आणि ऑगस्ट 2001 मध्ये घोषणा झाली की क्लब मिल्टन कीन्सला हलवणार. मिल्टन कीन्स हे लंडनच्या उत्तरेला वसवलेलं नवं शहर. अंतर जवळपास 90 किलोमीटर, म्हणजे पुणे-साताऱ्यापेक्षा थोडंसंच कमी. त्या शहराला लीगमधला क्लब हवा होता. तळापासून सुरुवात करून वर चढायला दहा-वीस वर्षं लागली असती, त्यापेक्षा तयार क्लब आणणं सोपं.

अमेरिकेत हे सर्रास चालतं, तिथे टीम म्हणजे फ्रँचायझी. इंग्लंडमध्ये मात्र क्लबच्या नावात गावाचं किंवा वस्तीचं नाव असतं आणि आजोबांपासून नातवापर्यंत एकच टीम चालत येते. फॅन्सनी निदर्शनं केली, पत्रं लिहिली, फुटबॉल असोसिएशनचे दरवाजे ठोठावले. शेवटी निर्णय तीन जणांच्या एका स्वतंत्र आयोगाकडे गेला. 28 मे 2002 रोजी निकाल आला, 2 विरुद्ध 1. क्लब हलवायला परवानगी मिळाली. फॅन्सनी नवा क्लब काढला तर ते फुटबॉलच्या व्यापक हिताचं ठरणार नाही, असंही आयोगाने निकालात नोंदवलं. या एका वाक्याने फॅन्स जेवढे पेटले, तेवढे मूळ निकालानेही पेटले नसतील.

दोन दिवसांत नव्या क्लबची घोषणा झाली. नाव ठेवलं एएफसी विम्बल्डन. जर्सीचे रंग तेच, निळा आणि पिवळा. महिन्याभरात त्या ट्रायल्स झाल्या, आणि 10 जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिली फ्रेंडली मॅच झाली. एएफसी विम्बल्डन 4-0 ने हरला. साडेचार हजारांहून जास्त लोक आले होते आणि हरल्यावरही सण असल्यासारखे नाचत होते.

तिकडे मूळ क्लब अजून सेलहर्स्ट पार्कमध्येच अडकला होता, कारण मिल्टन कीन्समधली सोय झालेली नव्हती. ऑक्टोबर 2002 मध्ये त्यांच्या रॉदरहॅमविरुद्धच्या मॅचला 849 लोक आले, आणि त्यातही बरेचसे रॉदरहॅमचे. दुसऱ्या क्रमांकाच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या क्लबची ही अवस्था होती. त्याच वेळी नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांच्या लीगमधल्या एएफसी विम्बल्डनला तीन-तीन हजार लोक येत होते. पुढे जुना क्लब मिल्टन कीन्सला गेला आणि 2004 मध्ये त्याचं नाव ‘मिल्टन कीन्स डॉन्स’ झालं.

आता मूळ मुद्दा. नव्या क्लबचा मालक कोण?

त्यासाठी फॅन्सनी ‘डॉन्स ट्रस्ट’ नावाची संस्था पुढे केली. तिची रचना इंग्लंडच्या सहकारी कायद्याच्या घराण्यातली आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला ती समजायला अजिबात जड नाही. वर्गणी भरा, सभासद व्हा. एका सभासदाला एकच मत, मग तुम्ही दहा पौंड घातलेले असोत नाहीतर दहा हजार. सभासद बोर्ड निवडतात, वार्षिक सभा होते, हिशोब मांडला जातो आणि लोक तावातावाने प्रश्न विचारतात. आपल्या गावच्या पतसंस्थेची किंवा साखर कारखान्याची सभा डोळ्यांसमोर आणा, फक्त खत-उसाऐवजी विषय लेफ्ट बॅकचा. क्लबच्या कंपनीत मतांचा बहुमताचा वाटा या ट्रस्टकडे असतो, म्हणून कुणी एक माणूस क्लब विकू शकत नाही किंवा हलवू शकत नाही.

टीमची निवड मात्र सभासद करत नाहीत. हा गैरसमज खूप जणांचा असतो. रोजचा कारभार पगारी लोक बघतात आणि टीम मॅनेजर ठरवतो. सभासदांचा अधिकार चालतो तो मोठ्या गोष्टींवर. ग्राउंड, कर्ज, शेअर विक्री, नाव अशा गोष्टी.

टीम निवडीत फॅन्सना आणायचा प्रयोगही एकदा झाला. 2008 मध्ये ‘मायफुटबॉलक्लब’ नावाच्या वेबसाइटवर हजारो लोकांनी 35-35 पौंड भरून एब्सफ्लीट युनायटेड हा क्लब विकत घेतला. जगभरातले सभासद क्लिक करून निर्णय घेणार होते. पहिल्याच वर्षी टीमने एफए ट्रॉफी जिंकली आणि सगळे खूश झाले. मग वर्गणी रिन्यू करायची वेळ आली आणि निम्म्याहून जास्त लोक गायब झाले. 2013 पर्यंत प्रयोग गुंडाळला गेला. ग्राउंडवर न येणारा सभासद आणि दर शनिवारी पावसात उभा राहणारा सभासद यांतला फरक तिथे कळला.

विम्बल्डनवाले पावसात उभे राहणारे होते. त्यांनी 2003 ते 2004 दरम्यान लागोपाठ 78 लीग मॅच न हरण्याचा विक्रम केला. नऊ वर्षांत पाच प्रमोशन मिळवत 21 मे 2011 ला ते ल्यूटनविरुद्ध प्लेऑफ फायनलला पोहोचले. मॅच 0-0 राहिली आणि पेनल्टी शूटआउट झालं. गोलकीपर सेब ब्राऊनने दोन पेनल्टी अडवल्या, कॅप्टन डॅनी केडवेलने शेवटची मारली आणि फॅन्सचा क्लब फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. पुढे हे आणि मिल्टन कीन्सवाले एकाच डिव्हिजनमध्ये भेटले. 2018 मध्ये मिल्टन कीन्स डॉन्स खाली घसरला आणि विम्बल्डन वर टिकला. त्या दिवशी काय झालं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पण ही गोष्ट परीकथा समजू नका, कारण खरी परीक्षा झाली ती पैशांची. क्लबला प्लाउ लेनवर परत जायचं होतं आणि जुन्या ग्राउंडपासून जवळच नवं स्टेडियम बांधायचं होतं. त्यासाठी किंग्जमेडो हे आपलं ग्राउंड त्यांनी चेल्सीला विकलं. तरी 2019 च्या शेवटी हिशोबात मोठा खड्डा उरला. बाहेरच्या गुंतवणूकदारांना मोठा हिस्सा द्यायचा आणि ट्रस्टची पकड सैल करायची, असा पर्याय पुढे आला. सभासदांत जोरदार वाद झाले. मग काही फॅन्सनी कर्जरोख्यांची योजना आणली. आम्ही क्लबला उसने पैसे देतो, पण मालकी सोडत नाही. त्यातून 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. 3 नोव्हेंबर 2020 ला नव्या प्लाउ लेनवर पहिली मॅच झाली. डॉनकास्टरविरुद्ध 2-2. एकोणतीस वर्षांनी घरी परतले, पण कोरोनामुळे स्टेडियममध्ये एकही प्रेक्षक नव्हता.

सगळ्यांना हे जमत नाही. 2008 मध्ये एफए कप जिंकणारा पोर्ट्समथ मालकांच्या उधळपट्टीत दोनदा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. 2013 मध्ये दोन हजारांहून जास्त फॅन्सनी प्रत्येकी 1,000 पौंडांचे शेअर घेऊन क्लब वाचवला. चार वर्षांनी त्याच फॅन्सनी मोठ्या बहुमताने क्लब डिस्नेचे माजी प्रमुख मायकेल आयस्नर यांना विकला. फ्रॅटन पार्क हे जुनं स्टेडियम दुरुस्त करायलाच लाखो पौंड लागणार होते आणि ते फॅन्सकडे नव्हते. काहींनी याला पराभव म्हटलं. मला तसं वाटत नाही. आपला क्लब कुणाला आणि केव्हा द्यायचा, हे तिथे लोकांनी मत देऊन ठरवलं. विम्बल्डनच्या जुन्या फॅन्सना तेवढंही मिळालं नव्हतं.

इंग्लंडमध्ये फॅन्सना जे भांडून मिळवावं लागतं, ते जर्मनीत नियमातच आहे. तिथले बहुतेक क्लब मुळात सभासदांच्या संस्था होत्या. 1998 मध्ये फुटबॉल विभागाची कंपनी करायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. 50 टक्के अधिक एक मत मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. यालाच ‘फिफ्टी प्लस वन’ म्हणतात. लेव्हरकुझन आणि वोल्फ्सबर्गसारखे कंपनीच्या छायेत वाढलेले क्लब याला अपवाद आहेत. लाइपझिगने तर नियम पाळूनही पळवाट काढली. मत देणारे सभासदच मोजके ठेवले. मतं सभासदांची, पण सभासद आपलेच. सहकारातल्या लोकांना ही आयडिया नवी वाटणार नाही.

तरीही तिथले फॅन्स गप्प बसत नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगने प्रसारण हक्कांच्या कमाईतला 8 टक्के वाटा प्रायव्हेट इक्विटी कंपनीला विकायचं ठरवलं. 36 क्लबांपैकी 24 मतांनी, म्हणजे हवं होतं तेवढ्याच बहुमताने, ठराव पास झाला. मतदान गुप्त होतं, त्यामुळे कुणी सभासदांच्या मनाविरुद्ध मत दिलं यावरून संशय पेटला. मग मॅच चालू असताना मैदानावर टेनिस बॉल पडायला लागले. बॉल, चॉकलेटची नाणी, एकदोनदा रिमोटवर चालणाऱ्या गाड्यासुद्धा. दर आठवड्याला मॅच थांबत होत्या. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगने सौदाच रद्द केला.

इंग्लंडला जाग यायला मात्र 2021 उजाडावं लागलं. त्या एप्रिलमध्ये युरोपातल्या 12 श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली. त्यातले सहा इंग्लिश होते. चेल्सीचे फॅन्स स्वतःच्याच टीमची बस अडवून उभे राहिले आणि दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड त्यात मुळातच नव्हते. त्यानंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांचा अहवाल आला आणि जुलै 2025 मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक आहे आणि ग्राउंड, क्लबचं नाव, बोधचिन्ह, जर्सीचा रंग यांना मालकाने एकट्याच्या मर्जीने हात लावायचा नाही. मालकी मात्र कायद्याने फॅन्सना दिलेली नाही. प्रीमियर लीगच्या क्लबांत फॅन्सची सल्लागार मंडळं आहेत. सल्ला घेतला जातो, पण तिकिटाचे दर ठरवायचे ते क्लबच ठरवतो.

आपल्याकडचं सांगायचं तर एफसी पुणे सिटी आठवतोय का? 2014 मध्ये इंडियन सुपर लीगसोबत आलेला, हृतिक रोशन सहमालक असलेला बालेवाडीचा क्लब. मालक आर्थिक अडचणीत आले, 2019 मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. ऑरेंज जर्सी घालून पाच सिझन ओरडणाऱ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही. त्याआधी महिंद्रा युनायटेड गेला, पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला. प्रत्येक वेळी निर्णय कंपनीच्या ऑफिसात झाला.

आणि त्याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पैसा कमी, भांडणं भरपूर, शाहू स्टेडियम मात्र गच्च भरलेलं. यातली एखादी टीम उद्या कुणी उचलून सांगलीला नेऊन दाखवावी.