तलावाकाठचा मुक्काम : आनंद आणि जबाबदारी

शहरी जीवनाच्या धकाधकीतून दोन दिवस बाजूस काढावेत आणि वनराईच्या कुशीत, जलाशयाच्या काठी तंबू ठोकून राहावे, ही आवड आता विद्यार्थी, शिक्षक व नोकरदार कुटुंबांत रुजत आहे. नागपूर–इटारसी लोहमार्गावरील तिगाव असो, पांढुर्णा-सौंसर असो वा विदर्भातील एखादे गाव असो, तेथील मराठीभाषक मंडळींना अशा मुक्कामासाठी फार दूर जावे लागत नाही. नागपूरमार्गे गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधचा तलाव गाठता येतो.

हा तलाव निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानले जाते. सभोवारच्या टेकड्यांमधील खिंडी पाळ घालून अडविल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलविस्तार उभा राहिला. 'सात बहिणी' म्हणून ओळखली जाणारी शिखरे आजही त्यावर पहारा देत उभी आहेत. त्यांपैकी एका शिखरावर कोलू पाटलांना कोलासूर देव म्हणून पूजिले जाते. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने असे असंख्य तलाव व बोड्या निर्माण केल्या. मालगुजारी नष्ट झाल्यावर ते शासनाकडे आले आणि 'मामा तलाव', म्हणजेच माजी मालगुजारी तलाव, या नावाने लोकांच्या तोंडी राहिले.

तलावाकाठी मुक्काम करणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, हे पाणी केवळ शोभेचे नाही. त्यावर धानाची शेती पिकते, ढीवर बांधवांची मासेमारी चालते आणि हिवाळ्यात दूरदेशीची पाणबदके उतरतात. गोंदिया जिल्हा सारस पक्ष्यांसाठीही प्रसिद्ध आहे. काठावर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी वा पाण्यात मिसळलेला साबण यांचा उपद्रव या सर्वांना पोहोचतो. पाहुणा दोन दिवसांत परत जातो. त्याने टाकलेला कचरा मात्र मागे राहतो.

दुसरी बाब कायद्याची. नवेगाव येथील वनक्षेत्र १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अशा क्षेत्रात परवान्याविना प्रवेश करता येत नाही, आणि आग लावणे हा गुन्हा आहे. म्हणून मन मानेल तेथे तंबू ठोकता येत नाही. वन खात्याने नेमून दिलेल्या जागीच मुक्काम करावा व निघण्यापूर्वी रीतसर अनुमती घ्यावी.

मुक्कामासाठी पावसाळा संपल्यानंतरचा थंडीचा काळ सोयीचा. तंबू काठापासून दूर, उंचवट्यावर असावा. कोरड्या नाल्याच्या पात्रात तो कदापि उभारू नये. काठालगतची जमीन दलदलीची व पाणी अनपेक्षितपणे खोल असू शकते. त्यामुळे अनोळखी पाण्यात पोहण्याचा मोह टाळावा आणि लहान मुलांना एकटे सोडू नये. साप-विंचवाच्या दृष्टीने जोडे झटकून घालावेत, रात्री विजेरीशिवाय फिरू नये. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाच्या नादी न लागता रुग्णास त्वरित शासकीय रुग्णालयात न्यावे. उन्हाळ्यात पानगळीने जंगल कोरडे झालेले असते. विझली असे वाटून सोडलेली विडीही वणवा पेटविण्यास पुरेशी ठरते.

रेडिओ व ध्वनिक्षेपक घरी ठेवावेत. रात्रीच्या नीरव शांततेत पाण्यावरून येणारी पाखरांची साद ऐकू येणे, हेच या मुक्कामाचे खरे फळ. कोहळ्यांनी बांधलेली पाळ शतके लोटली तरी उभी आहे. तिच्या सावलीत विसावणाऱ्या प्रत्येक नागरिकाने तंबू उचलताना जागा जशी मिळाली तशीच, किंबहुना अधिक स्वच्छ, मागे ठेवली, तर तलाव बांधणाऱ्यांचे ऋण काही अंशी फिटेल.