विजेवर चालणारा ट्रक : शेतमाल वाहतुकीला कितपत उपयोगी?

माल बाजारात विकला गेला की अडत्याकडून पट्टी हातात पडते. त्या पट्टीत हमाली, तोलाई यांच्या जोडीला गाडीभाड्याचा आकडा असतो आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत मोठा असतो. डिझेल महागले की तो वाढतो, पण डिझेल स्वस्त झाले म्हणून तो उतरल्याचा अनुभव क्वचितच येतो. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या ट्रकची बातमी कानावर पडली की भाडे निम्म्यावर येईल अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी परिसरातून (सोलापूरच्या महामार्गावरचे टेंभुर्णी नव्हे) कापूस, मका, सोयाबीन, मिरची, मोसंबी असा माल बाहेर जातो. या भागातील तरुण मंडळी आता विचारू लागली आहेत की कर्ज काढून असा ट्रक घ्यावा काय? या प्रश्नाचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागते.

इंधनाचे गणित

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. परंतु इंजिन त्यातील जेमतेम चार युनिट चाकापर्यंत पोचवते, बाकीची उष्णता होऊन धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते. विजेच्या मोटारीत ही नासाडी फारच कमी असते. बॅटरीतील दहा युनिटांपैकी साडेआठ-नऊ युनिट कामी येतात. विजेच्या वाहनाचा खरा फायदा इथे आहे.

आता पैशात पाहू. मोठा भरलेला ट्रेलर एका लिटरमध्ये 3 कि.मी. जातो आणि डिझेल 90 रुपये लिटर आहे असे धरले, तर एका कि.मी.ला 30 रुपये इंधन लागते. तेवढ्याच वजनाचा विजेवरचा ट्रेलर मीटरवर मोजल्यास, चार्जिंगमधील घट धरून, कि.मी.ला सुमारे 1.6 युनिट घेतो. स्वतःच्या जोडणीवर वीज 10 रुपये युनिटने पडली तर खर्च 16 रुपये. मात्र रस्त्यावरच्या जलद चार्जिंग केंद्रात 20 रुपये युनिट द्यावे लागले तर 32 रुपये, म्हणजे डिझेलपेक्षाही महाग! ट्रक तोच, रस्ता तोच, पण वीज कुठे भरली यावर नफा की तोटा हे ठरते. वाहन विकणारे ही बाब सहसा आपणहून सांगत नाहीत. वरील दर उदाहरणादाखल आहेत. आपापल्या वेळचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

मोठा ट्रक आणि मुंबईची वाट

देशात 55 टन वजनगटातील विजेवरचे ट्रेलर विक्रीस आहेत. त्यांपैकी एका गाडीची बॅटरी 282 युनिटची असून एका भरणीत सुमारे 200 कि.मी. जाण्याचा उत्पादकाचा दावा आहे. बॅटरी पार रिकामी करणे बरे नसते. पाचवा हिस्सा राखून ठेवला तर हाती 160 कि.मी. उरतात. जालना ते मुंबई अंतर सुमारे 400 कि.मी. आहे. म्हणजे वाटेत दोन थांबे आणि प्रत्येक ठिकाणी जलद चार्जर मोकळा मिळाला तरी तास-सव्वा तास मोडणार. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला आणि जालन्याहून मुंबईचा प्रवास पुष्कळ सोपा झाला हे खरे. पण जो वेळ रस्त्याने वाचवला तो चार्जिंगने खाल्ला, असे होता कामा नये. वाशीच्या बाजारात भाजीपाल्याची उलाढाल पहाटेच होते. हिरवी मिरची दोन तास उशिरा पोचली तर तिला शिळ्या मालाचा भाव मिळतो.

घाटाचाही विचार करावा. इगतपुरीकडून खाली उतरताना मोटार उलटी चालून ब्रेकचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. डिझेलच्या गाडीत ही सोय नाही. परंतु परतीचे भाडे घेऊन भरलेला 55 टनी ट्रक 500 मीटर उंची चढवायची म्हटले तर नुसत्या चढाईसाठीच सुमारे 75 युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचा चौथा हिस्सा. रस्त्यावरील चालीचा खर्च वेगळा. विजेच्या ट्रकचालकाला किलोमीटरबरोबर चढही मोजावा लागतो.

समजा सर्व काही जमून आले व कि.मी.मागे 14 रुपये वाचले. 400 कि.मी.ला 5,600 रुपये झाले. 350 क्विंटल माल असेल तर क्विंटलमागे 16 रुपये. हेही गाडीमालकाने सगळे आपल्याला दिले तर! आणि मोसंबी वा मिरची 55 टनी ट्रेलरने जात नाही, ती आयशर-दहाचाकीने जाते. तेव्हा लांब पल्ल्याच्या भाड्यात या ट्रकमुळे आपल्या पट्टीवर लगेच मोठा फरक पडेल अशी अपेक्षा धरू नये.

मग हे ट्रक चालतात कुठे?

जिथे वाट ठरलेली, अंतर थोडे आणि काम बारमाही आहे तिथे. आपल्या राज्यातील उत्तम उदाहरण उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तेथे 50 अवजड विजेवरचे ट्रक कंटेनर वाहतुकीसाठी दाखल झाले. या गाड्यांची संपलेली बॅटरी काढून भरलेली बॅटरी काही मिनिटांत बसवता येते. बंदरातील सुमारे 600 अंतर्गत ट्रकांपैकी 90 टक्के ट्रक डिसेंबर 2026 पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले. पोलाद व सिमेंट उद्योगातही असेच आहे. भारतीय पोलाद प्राधिकरणाने दोन वर्षांत 150 ट्रक घेण्याचे ठरविल्याचे केंद्राने 2025 मध्ये सांगितले. चीनमध्ये 2025 साली विकल्या गेलेल्या नव्या अवजड ट्रकांपैकी पाचातल्या एकाहून अधिक विजेवरचे होते, त्यातही खाणी, बंदरे व कारखान्यांचा वाटा मोठा आहे.

यामागचे कारण समजून घेणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विजेचा अवजड ट्रक डिझेलच्या दुपटीहून महाग पडतो. किमतीतील फरक 60 लाख रुपये व व्याज 10 टक्के धरले तर पहिल्या वर्षीचे जादा व्याजच 6 लाख होते. वर्षात 1 लाख कि.मी. फिरणारा ट्रक इंधनात 14 लाख वाचवतो, त्याला हे परवडते. 60 हजार कि.मी. फिरणारा 8 लाख 40 हजार वाचवतो, व्याज जाऊन हाती थोडेच राहते. आणि शेतमालावर अवलंबून असलेली गाडी? कापूस दिवाळीनंतर तीन-चार महिने, मोसंबीचे दोन बहार, मक्याचे काही आठवडे, बाकी दिवस गाडी दारात उभी. 20 हजार कि.मी.त 2 लाख 80 हजार वाचले तर व्याजसुद्धा निघत नाही. डिझेलची गाडी उभी राहिली तर तिचा खर्च थांबतो. विजेच्या गाडीत मात्र खर्चाचा मोठा भाग आधीच बॅटरीच्या रूपाने घातलेला असतो, तो उभ्या गाडीला फेडता येत नाही.

जालन्याला मात्र एक जमेची बाजू आहे. शहरातील पोलाद कारखान्यांना भंगार व सळईची बारमाही वाहतूक लागते. शिवाय दरेगाव-दिनेगाव भागातील ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर 2015 मध्ये झाली आहे. तेथून कंटेनरची ने-आण नियमित वाढली तर विजेचे ट्रक प्रथम या कामावर येतील आणि शेतमाल त्यांना हंगामी किंवा परतीचा माल म्हणून मिळेल. आमच्या मते आपल्या भागात हा बदल याच वाटेने येण्याचा संभव अधिक आहे. मालाच्या स्वरूपाचाही यात संबंध येतो. 282 युनिटची बॅटरी सुमारे दोन टन भरते. सळई वा सरकी ढेप भरणाऱ्याला हे दोन टन भाड्यातून वजा होतात. कापसाचे तसे नाही. मोकळ्या कापसाने गाडी वजनाआधी आकारमानानेच भरते, त्यामुळे बॅटरीचे ओझे तिथे खुपत नाही.

गाव ते मोंढा : खरी संधी

टेंभुर्णीहून जालन्याचा मोंढा जाऊन-येऊन शंभरेक कि.मी. धरावा. या फेरीसाठी छोटा हत्ती वा पिकअप वापरला जातो. विजेवरचा छोटा हत्ती मे 2022 मध्ये बाजारात आला आणि मे 2024 मध्ये त्याचे 1 टन वहनक्षमतेचे वाहन आले. त्याचा प्रमाणित पल्ला 161 कि.मी. आहे. भरलेली गाडी, खड्डे, उन्हाळ्यातील 42 अंश तापमान हे पाहता प्रत्यक्षात 110 कि.मी. मिळतील असे धरून चालावे. म्हणजे जालन्याची फेरी होते, पण काठावर होते. माल उतरेपर्यंत मोंढ्याजवळ तासभर चार्जिंग मिळाले तर निर्धास्त.

डिझेलच्या छोट्या गाडीला कि.मी.ला 5 रुपये इंधन लागते (18 कि.मी.चे सरासरी धरून), विजेच्या गाडीला 2 रुपये 20 पैसे. शंभर कि.मी.च्या फेरीत 280 रुपये वाचले. माल 10 क्विंटल असेल तर क्विंटलमागे 28 रुपये. मुंबईच्या ट्रेलरवर 16 आणि जवळच्या मोंढ्यावर 28! लांबचा पल्ला मोठा दिसतो, पण शेतकऱ्याच्या पदरात अधिक पडते ते जवळच्या फेरीत. अट एकच, गाडी रोज फिरली पाहिजे. एकट्याच्या मालावर ते होणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गटाने भाजीपाला, शेडनेटमधील बियाणे, दूध, खते-बियाण्यांची परतीची वाहतूक असे काम जोडून दिले तर वर्षाचे अडीचशे दिवस भरतात.

खरेदीपूर्वी

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत साडेतीन टनांवरील विजेच्या ट्रकला 9 लाख 60 हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळते. त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र लागते. देशभरात केवळ 5,600 ट्रकांचे लक्ष्य असल्याने निधी शिल्लक आहे का ते आधी विचारावे. छोटा हत्ती या वजनगटात बसत नाही. राज्य शासनाने 2025 मध्ये समृद्धी महामार्गावर विजेच्या प्रवासी गाड्यांना टोलमाफी दिली, ती मालवाहू गाड्यांना मात्र नाही. खरे तर गरज यांनाच अधिक होती.

बॅटरीची हमी किती वर्षांची व किती कि.मी.ची, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास ती बदलून मिळेल आणि दुरुस्तीचे केंद्र जालन्यात आहे का, हे लेखी घ्यावे. विक्रेत्याने सांगितलेल्या पल्ल्यावर विसंबू नये. गाडी पूर्ण भरून, आपल्याच रस्त्याने, शक्यतो एप्रिल-मेमध्ये चालवून पाहावी.

विजेच्या जोडणीबाबत विशेष दक्षता घ्यावी. छोट्या गाडीला एका भरणीस वीस-पंचवीस युनिट लागतात, हे काम रात्रभरात साध्या जोडणीवर होते. परंतु मोठ्या ट्रकचा 240 किलोवॅटचा जलद चार्जर म्हणजे 5 अश्वशक्तीचे 64 पंप एकदम सुरू करण्यासारखे आहे. गावातील 100 केव्हीएचे रोहित्र ते पेलणार नाही, स्वतंत्र रोहित्र व उच्चदाब जोडणीच घ्यावी लागेल. विहिरीवरील कृषीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा मोह टाळावा. मंजूर कामाशिवाय अन्य कामासाठी वीज वापरणे हे विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत ठरते व दंडासह आकारणी होते. घरगुती मीटरवर युनिट वाढत गेले की वरच्या टप्प्याचा दर लागून बचत निघून जाते. वाहन चार्जिंगसाठी महावितरणचा स्वतंत्र दरवर्ग आहे. गाडीची नोंदणी करण्याआधी उपविभागीय कार्यालयात अर्ज देऊन त्या जोडणीचे खर्चपत्रक हातात घ्यावे आणि तो खर्च गाडीच्या किमतीत मिळवूनच बँकेकडे जावे.