झगमगाटाच्या सुरात झगमगाटाची निंदा

दिखाऊ, छानछोकीच्या जगण्यावर कोरडे ओढणारे गीत पुष्कळदा त्याच जगण्याच्या वाद्यांवर वाजते, आणि ही विसंगती त्या गीताचा दोष नसून त्याचे बळ असते. सिंथपॉप या पाश्चात्त्य संगीतप्रकाराच्या संथ गीतांत हे सहज दिसते. विद्युत्-आंदोलनांपासून ध्वनी घडवणाऱ्या सिंथेसायझर या वाद्यावर उभे राहिलेले लोकप्रिय संगीत म्हणजे सिंथपॉप. जर्मनीतील 'क्राफ्टवर्क' या वाद्यवृंदाने त्याची वाट घालून दिली आणि 1980च्या सुमारास ब्रिटनमध्ये ते भरास आले. 'पेट शॉप बॉइज'च्या 'रेंट' (1987) या गीतात धनिकाच्या पैशावर ऐषारामात राहणारी व्यक्ती आपल्या नात्याचा जमाखर्च थंडपणे सांगते. सूर मात्र गुळगुळीत आणि चकचकीत, जणू त्याच धनिकाच्या दिवाणखान्यात वाजणारे. असल्या संथ गीताला तिकडे बॅलड म्हणतात. मूळ बॅलड हे कथागीत, म्हणजे आपल्या पोवाड्याचे चुलतभावंड, हे जाता जाता नोंदवायला हवे.

सोलापूरकरांना हा खेळ नवा वाटू नये, कारण उत्तर पेशवाईतील शाहीर राम जोशी याच गावचे. कीर्तन-पुराणाच्या घरात जन्मलेला हा ब्राह्मण तरुण तमाशाच्या नादी लागल्यामुळे थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले, त्याने पंढरपुरास जाऊन संस्कृताचे अध्ययन केले, आणि पुढे ती सारी विद्या पुन्हा तमाशाच्याच बोर्डावर आणून ओतली, असे परंपरा सांगते. त्यांच्या शृंगारिक लावण्या प्रसिद्ध आहेतच. परंतु येथे महत्त्वाच्या आहेत त्या उपदेशपर लावण्या, म्हणजे लावणीच्याच ठेक्यात श्रोत्याचे कान उपटणाऱ्या रचना. त्यांतील सर्वांत गाजलेल्या लावणीत रंगवलेली वस्त्रे आणि माथ्यावरच्या जटा मिरवणाऱ्या ढोंगी वैराग्याची खिल्ली उडवलेली आहे. चैनीचे प्रदर्शन आणि विरक्तीचे प्रदर्शन यांत राम जोशी फारसा भेद मानीत नाहीत. सोंग ते सोंगच.

या रचनेकडे कानाने पाहावे. प्रारंभीच 'ट' हे कठोर व्यंजन इतक्या वेळा आदळते की शब्द ढोलकीच्या थापेशी जुगलबंदी करू लागतात. मागे तुणतुण्याची एकच तार अखंड खणखणत राहते आणि झीलकरी ध्रुपदाचे शेवटचे अक्षर टिपेला नेऊन सोडतो. भपक्याचा निषेध करणारा कवी शब्दांचा एवढा भपका का मांडतो? देवळातील कीर्तनाला न फिरकणारा श्रोता फडावर घुंगरांसाठी येत होता, आणि त्याला गाठायचे तर त्याच्याच आवडीचा ऐवज त्याच्यापुढे ठेवणे भाग होते. ज्यांच्या आर्यांतील यमके आजही विद्यार्थ्यांना दमवतात त्या मोरोपंतांनीही राम जोशींच्या प्रतिभेचा गौरव केल्याचे सांगतात, ते उगीच नव्हे.

1947 साली 'लोकशाहीर राम जोशी' हा बोलपट आला. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराची ही निर्मिती होती. जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाई यांचे संगीत तिला लाभले. चित्रपट तुफान चालला, मराठी पडद्यावर तमाशापटांची रांग लागली आणि नऊवारी शालू, घुंगरू व शिट्ट्या हेच लावणीचे रूप प्रेक्षकांच्या मनात घट्ट बसले. उपदेशाची लावणी मात्र त्या रांगेत क्वचितच उभी राहिली.