ताटातली भाजी आणि भिंतीवरची खूण

केळापूर तालुक्यात पहिले पाऊस पडले, की शेताच्या धुऱ्यावर तरोटा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आणि ज्वारीची भाकर म्हणजे आजोबांची चंगळ. नातवाचे मात्र तोंड वाकडे! तो वरणात भाकर कुस्करून तेवढीच खातो, आणि शाळेच्या खिचडीतून भाजीचा तुकडा नि तुकडा वेचून कडेला ठेवतो. तुमच्या वर्गात असे कितीतरी असतील. कदाचित तुम्हीही त्यांतलेच असाल.

हे केवळ लाडांमुळे होते असे नाही. मुलांच्या जिभेला कडू चव मोठ्यांपेक्षा अधिक जाणवते. रानातल्या पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात; तेव्हा अनोळखी पाला थुंकून टाकणारे मूल एके काळी शहाणेच ठरले असेल. शिवाय असा हट्ट करणारी बहुतेक मुले नीट वाढतात. एक कारले नाकारल्याने कोणी बुटका राहत नाही. अडचण येते, ती ताटात एकदोनच पदार्थ उरतात तेव्हा.

हे कळण्यासाठी आपल्याला इराणमध्ये जावे लागेल. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली तेथील शिराझ गावी काम करीत होते. त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय २१ वर्षे, पण दिसायला १० वर्षांचा मुलगा! त्याचा आहार काय होता? गव्हाची रोटी, तीही जवळजवळ कोरडीच, आणि जोडीला माती. पोट भरत होते, पण उंची वाढत नव्हती. पुढे इजिप्तमधील अशाच रोग्यांच्या रक्तात प्रसाद यांना जस्त फार कमी आढळले. जस्त दिल्यावर त्यांच्यापैकी काही जण एका वर्षात १२ ते १५ सेंटिमीटर वाढले.

जस्त म्हणजे तेच, ज्याचा मुलामा लोखंडी बादलीवर असतो. आपल्या शरीरात ते असते अवघे दोनेक ग्रॅम. परंतु हाडे लांब होताना त्यांच्या टोकांशी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि पेशींची वाढ घडविणारी कितीतरी विकरे जस्तावाचून कामच करीत नाहीत. मग गव्हात जस्त नसते का? असते. पण धान्यातील फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते व आतड्यात शोषू देत नाही. ज्वारीतही ते आहे.

याहून वाईट म्हणजे, जस्त कमी पडले की भूक मंदावते आणि चवही नीट कळत नाही. कमी खाल्ल्याने जस्त घटते, जस्त घटल्याने खाणे आणखी कमी होते.

म्हणून भाकर टाकून द्यायची का? मुळीच नाही! तिच्या शेजारी काय आहे ते पाहा. तुरीचे वरण, तिळाची चटणी, हरभऱ्याची उसळ, एखादे अंडे, या सर्वांत जस्त आहे. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले, की त्यातील फायटेट कमी होते. अर्थात, ज्या घरी ताटात निवडायलाच काही नसते, तेथील मुलाला कोणी नखरेबाज म्हणू नये. तो प्रश्न जिभेचा नाही, मजुरीचा आहे.

नावडत्या भाजीचा एकच लहानसा घास घेऊन पाहा. जबरदस्ती नको. मुलांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे, की तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा चाखल्यावर आवडू लागतो. जस्ताच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका; जस्त जास्त झाले की शरीराला तांबे कमी मिळते.

आता भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि डोक्याच्या उंचीवर कोणाकडून तरी पेन्सिलीची खूण करून घ्या. तुमच्या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, वयात येताना त्याहून जास्त. सहा महिन्यांत खूण वर सरकलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मोजायचे ते दर वेळी सकाळीच. दिवसभराच्या चालण्याबसण्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आणि संध्याकाळी आपण सगळेच सुमारे एक सेंटिमीटरने ठेंगणे झालेले असतो!